अमोनियमाचे अवायुजीवी ऑक्सिडीभवन
अमोनियमाचे अवायुजीवी ऑक्सिडीभवन : (ॲनामॉक्स). ऑक्सिजनाच्या पूर्ण अभावी अमोनियम व नायट्राइट या दोन संयुगांचा संयोग घडवून त्यांचे नायट्रोजन वायूत रूपांतर करण्याच्या काही सूक्ष्मजंतूंच्या जीवरासायनिक क्रियेस ही संज्ञा आहे. ‘ॲनएरोबिक अमोनियम ऑक्सिडेशन’ या इंग्रजी शब्दसमूहाच्या आद्याक्षरांवरून बनविलेले ‘ॲनामॉक्स’ हे संक्षिप्त नाव आता सर्वत्र रूढ झाले आहे. या क्रियेत अमोनियमाच्या एका रेणूतील नायट्रोजनाचा एक अणू आणि नायट्राइटाच्या एका रेणूतील दुसरा अणू एकत्र येऊन नायट्रोजन वायूचा एक रेणू व पाण्याचे दोन रेणू तयार होतात. तीतून मिळणाऱ्या ऊर्जेवर हे सूक्ष्मजंतू कार्बन डाय-ऑक्साइडापासून आपले शरीरद्रव्य तयार करतात. म्हणजे हिरव्या वनस्पतींप्रमाणे ते स्वयंपोषी आहेत, मात्र त्यांना सूर्यप्रकाश लागत नाही.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकापर्यंत ही क्रिया अस्तित्वात आहे हे सिद्ध झालेले नव्हते. नायट्रोजन चक्र हा दीर्घकाळ व काटेकोरपणे अभ्यासिला गेलेला विषय असूनही त्यातील इतकी मोठी वाट शंभर वर्षे अज्ञात राहिली. तिच्या खुणा दिसल्या नव्हत्या असे नाही; दिसलेल्या खुणांचा अर्थ लावण्यास प्रचलित सिद्धांतात जागा नव्हती. म्हणूनच या शोधाचा इतिहास क्रियेइतकाच उद्‌बोधक ठरला आहे.

जुनी समजूत : जमिनीत अमोनियाचे नायट्रेटात रूपांतर होते ते सजीवांमुळे, हे फ्रान्समध्ये झां जाक तेओफील श्लोझिंग व आशील म्यूंट्स यांनी १८७७ मध्ये दाखवून दिले. वाळूच्या थरातून सांडपाणी झिरपू दिल्यास काही दिवसांनी त्यातील अमोनिया नाहीसा होऊन नायट्रेट दिसू लागते आणि क्लोरोफॉर्माची वाफ सोडल्यास ही क्रिया थांबते, असे त्यांना आढळले. १८८६ मध्ये यूलिस गेयाँ व गाब्रिएल द्यूपती यांनी याच्या उलट दिशेची क्रिया, म्हणजे नायट्रेटाचे क्षपण (ऑक्सिजन काढून घेण्याची क्रिया) होऊन वायू मुक्त होण्याची क्रिया, सूक्ष्मजंतूंमुळेच होते हे सिद्ध केले. तिला विनायट्रीकरण म्हणतात. सर्ग्येई व्ह्यिनग्राट्‌स्की (१८५६—१९५३) या रशियन शास्त्रज्ञांनी १८९० च्या सुमारास नायट्रीकरण करणारे सूक्ष्मजंतू वेगळे काढले आणि केवळ अकार्बनी पदार्थांच्या ऑक्सिडीभवनावर जगणाऱ्या जीवांची कल्पना पक्की केली.

या तीन शोधांतून नायट्रोजन चक्राचे जे चित्र तयार झाले तेच पुढे पाठ्यपुस्तकांत स्थिरावले. हवा असेल तेथे अमोनियाचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट होते. हवा नसेल तेथे कार्बनी पदार्थांच्या साहाय्याने नायट्रेटाचा नायट्रोजन वायू होतो. या चित्रात ऑक्सिजनाशिवाय अमोनिया खर्ची पडण्याचा मार्गच नव्हता. अमोनिया हा रासायनिक दृष्ट्या सुस्त रेणू असून त्याला विक्रियाशील करण्यास ऑक्सिजनाचा रेणूच हवा, असे मानले जाई. हवेवर वाढणाऱ्या नायट्रीकारक सूक्ष्मजंतूंच्या बाबतीत ते खरेही आहे. चूक झाली ती एका गटाचा नियम सर्व जीवसृष्टीला लावण्यात.

हिशेबातील तूट : अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याच्या मेंडोटा सरोवराच्या तळचा गाळ किण्वनासाठी (आंबविण्यासाठी) ठेवला असता त्यातून नायट्रोजन वायू निघतो व त्याचे स्पष्टीकरण ज्ञात क्रियांनी होत नाही, अशी नोंद १९३२ मध्ये झाली होती. ती तशीच पडून राहिली. याहून अधिक बोलका पुरावा समुद्रविज्ञानातून आला. खोल फ्योर्ड किंवा बंदिस्त सागरी द्रोणी यांत तळाकडील पाण्यात ऑक्सिजन उरत नाही. तेथे मृत प्लवकांचे अपघटन होताना किती नायट्रेट खर्ची पडेल व किती अमोनियम मुक्त होईल हे प्लवकांच्या सरासरी रासायनिक संघटनावरून काढता येते. एफ्. ए. रिचर्ड्‌स यांनी १९६५ मध्ये असे दाखविले की, अशा पाण्यात जेवढे अमोनियम साचावयास हवे त्याचा बहुतेक भाग सापडतच नाही. ते अमोनियम कोठेतरी जात होते आणि तेथे ऑक्सिजन नव्हता. नायट्रेटाशी त्याची विक्रिया होऊन नायट्रोजन वायू बनत असावा, अशी शंका या काळात व्यक्त झाली. परंतु ती क्रिया करणारा जीव माहीत नसल्याने शंका शंकाच राहिली.

ब्रोडा यांचे भाकीत : एंगेलबर्ट ब्रोडा (१९१०—८३) हे व्हिएन्ना विद्यापीठातील भौतिकीय रसायनशास्त्रज्ञ होते. सूक्ष्मजंतूंचे संवर्धन हा त्यांचा व्यवसाय नव्हे. जीवसृष्टीतील ऊर्जेच्या देवघेवीची उत्क्रांती कशी झाली असावी याचा विचार करताना त्यांनी ज्ञात जीवांची ऊष्मागतिकीच्या (उष्णता व ऊर्जेची इतर रूपे यांच्या संबंधांच्या शास्त्राच्या) आधारे मांडणी केली, तेव्हा काही घरे रिकामी राहिली. १९७७ मध्ये त्यांनी केवळ तीन पानांचा एक लेख प्रसिद्ध केला. निसर्गात दोन प्रकारचे अकार्बनी-पोषी जीव ‘हरवलेले’ आहेत, असे त्यात म्हटले होते. त्यांपैकी एक म्हणजे नायट्राइट किंवा नायट्रेट यांच्या साहाय्याने अमोनियमाचे ऑक्सिडीभवन करून नायट्रोजन वायू सोडणारा सूक्ष्मजंतू. या विक्रियेत अमोनियमाच्या दर मोलमागे सु. ३५७ किलोजूल मुक्त ऊर्जा मिळते. हवेच्या साहाय्याने अमोनियाचे नायट्राइट करताना मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा ती कमी तर नाहीच, उलट काहीशी अधिक आहे. इतकी ऊर्जा वाया जाऊ देणे सूक्ष्मजंतूंच्या स्वभावात बसत नाही, असा या युक्तिवादाचा मथितार्थ होता.

मेंडेलेव्ह यांनी आवर्त सारणीतील रिकाम्या जागांवरून अज्ञात मूलद्रव्यांची भाकिते केली, त्यांच्याशी या भाकिताची तुलना करण्याचा मोह होतो व ती बऱ्याच अंशी योग्यही आहे. फरक असा की, मेंडेलेव्ह यांची मूलद्रव्ये लोकांनी शोधून काढली. ब्रोडा यांचा लेख वाचून कोणी हा जीव शोधावयास निघाल्याचे दिसत नाही. ब्रोडा १९८३ मध्ये मरण पावले, तेव्हा त्यांचे भाकीत कागदावरच होते.

डेल्फ्ट येथील शोध : नेदर्लंड्‌समधील डेल्फ्ट गावी खिस्ट-ब्रोकाडेस या कंपनीचा यीस्टचा कारखाना होता. सूक्ष्मजीवविज्ञानाच्या इतिहासात या कारखान्याचे नाव यापूर्वीही आले आहे. मार्टिनुस बेयरिंक (१८५१—१९३१) यांनी १८८५ ते १८९५ या काळात तेथेच काम केले व नंतर ते डेल्फ्टच्या तांत्रिक विद्यालयात प्राध्यापक झाले. कारखान्याचे सांडपाणी प्रथम मिथेन वायू निर्माण करणाऱ्या पात्रातून व नंतर विनायट्रीकरणाच्या पात्रातून नेले जाई. हे दुसरे पात्र तरल संस्तर प्रकारचे होते, म्हणजे त्यात वाळूचे कण वर चढणाऱ्या पाण्यात तरंगत राहून त्यांवर सूक्ष्मजंतूंचा थर वाढत असे. येथे काम करणाऱ्या आर्नॉल्ड मुल्डर यांना असे आढळले की, या पात्रातून नायट्रेटाबरोबर अमोनियमही नाहीसे होत आहे आणि त्याच प्रमाणात वायूची निर्मिती वाढली आहे. हवा नसलेल्या पात्रात अमोनियम कमी होणे हे प्रचलित समजुतीप्रमाणे अशक्य होते.

अशा वेळी मोजमापात चूक आहे किंवा कोठून तरी हवा शिरत आहे असे म्हणून विषय सोडून देणे सोपे असते. येथे तसे झाले नाही. मुल्डर व डेल्फ्ट तंत्रविद्या विद्यापीठातील जे. जी. क्यूनेन, लेस्ली रॉबर्ट्‌सन आणि ए. ए. व्हान द ग्राफ यांनी पात्रात येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या नायट्रोजनाचा संपूर्ण ताळेबंद मांडला. अमोनियमाचे ५ मोल नाहीसे होताना नायट्रेटाचे ३ मोल खर्ची पडतात व नायट्रोजन वायूचे ४ मोल मिळतात, असे त्यातून निघाले. पात्रातून दर घनमीटरमागे दिवसाला ०·४ किग्रॅ.पर्यंत अमोनियमरूपी नायट्रोजन नाहीसा होत होता. तेव्हा हा प्रकार नगण्य नव्हता. ही माहिती १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली व त्याच लेखात क्रियेस ‘ॲनामॉक्स’ हे नाव देण्यात आले.

आता प्रश्न होता तो ही क्रिया सजीवांची की निव्वळ रासायनिक, हा. त्याच वर्षी व्हान द ग्राफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे उत्तर दिले. गॅमा किरण, उष्णता व निरनिराळी निरोधक द्रव्ये यांनी पात्रातील गाळावर संस्कार केल्यास क्रिया थांबे. हवेचा संपर्क झाला तरी ती थांबे. पुढचा पुरावा समस्थानिकांच्या (एकाच मूलद्रव्याच्या भिन्न वस्तुमानांच्या अणूंच्या) साहाय्याने मिळाला. अमोनियमात १५ वस्तुमानांकाचा जड नायट्रोजन व दुसऱ्या संयुगात १४ वस्तुमानांकाचा नेहमीचा नायट्रोजन वापरला, तर निघणाऱ्या वायूच्या रेणूंचे वस्तुमान जवळजवळ पूर्णतः २९ इतके भरले. याचा अर्थ, प्रत्येक रेणूत एक अणू अमोनियमाचा व एक दुसऱ्या संयुगाचा होता. नेहमीच्या विनायट्रीकरणात अशी जोडी जमत नाही. ही परीक्षा इतकी निःसंदिग्ध ठरली की, पुढे समुद्राच्या पाण्यात या क्रियेचा शोध घेण्यासाठीही हीच पद्धत वापरली गेली. पहिल्या लेखातील एक गोष्ट मात्र दुरुस्त करावी लागली : अमोनियमाचा प्रत्यक्ष जोडीदार नायट्रेट नसून नायट्राइट आहे, हे नंतरच्या प्रयोगांत स्पष्ट झाले.

जीवाची ओळख : क्रिया सिद्ध झाली तरी कर्ता सापडावयाचा होता. हे सूक्ष्मजंतू अतिशय सावकाश वाढतात. आतड्यातील एश्चेरिकिया कोलाय  हा सूक्ष्मजंतू अनुकूल परिस्थितीत सु. २० मिनिटांत दुप्पट होतो. डेल्फ्टच्या प्रयोगांतील या सूक्ष्मजंतूंना त्यासाठी सु. ११ दिवस लागत. नेहमीच्या पद्धतीने बशीत वसाहती वाढवून ते वेगळे काढणे शक्य नव्हते. मार्क स्ट्रूस, माइक येटन व सहकाऱ्यांनी ज्यातून गाळ वाहून जात नाही अशा विशेष पात्रात महिनोन्‌महिने त्यांचे प्रमाण वाढवीत नेले आणि नंतर घनतेतील फरकावर आधारित केंद्रोत्सारणाने (वेगाने फिरवून भिन्न घनतेचे कण अलग करण्याच्या पद्धतीने) ते निवडून घेतले. अशा नमुन्यात दर २०० ते ८०० कोशिकांमागे एखादीच परकी कोशिका उरली. या कोशिका अमोनियम व नायट्राइट वापरून कार्बन डाय-ऑक्साइड बांधून घेतात हे दिसून आले. १९९९ मध्ये या निष्कर्षांचा लेख प्रसिद्ध झाला. ‘हरवलेला’ जीव ओळखला गेल्याचे सांगणारे त्याचे शीर्षक ब्रोडा यांच्या शब्दांची आठवण ठेवूनच दिलेले होते.

हा जीव प्लँक्टोमायसीट गटातील निघाला. या गटातील पहिला जीव १९२४ मध्ये हंगेरियन जीववैज्ञानिक नांदोर गिमेशी यांनी बूडापेस्ट येथील एका तळ्यातून वर्णिला होता व तो पाण्यात तरंगणारी कवक (बुरशी) आहे असे समजून त्यास तसे नाव दिले होते. पुढे तो सूक्ष्मजंतू असल्याचे कळले, नाव मात्र कायम राहिले. डेल्फ्टच्या जीवाला कारखान्याच्या नावावरून ब्रोकेडिया ॲनामॉक्सिडान्स  असे म्हणतात. त्यानंतर क्यूनेनिया , स्कॅलिंडुआ  इ. प्रजाती वर्णिल्या गेल्या. इंग्लंडमधील पिट्‌सी येथे सापडलेल्या एका जातीला २००३ मध्ये स्कॅलिंडुआ ब्रोडी  हे नाव ब्रोडा यांच्या स्मरणार्थ देण्यात आले. मान्य पद्धतीचे शुद्ध संवर्धन न झाल्याने या नावांआधी ‘कँडिडेटस’ (उमेदवार) असा शब्द लावण्याचा प्रघात आहे.

कोशिकेची रचना व विक्रियेची यंत्रणा : या सूक्ष्मजंतूंच्या कोशिकेत पटलाने वेढलेला एक मोठा कप्पा असतो. त्यास ॲनामॉक्सोसोम म्हणतात. सूक्ष्मजंतूंमध्ये असे अंतर्गत कप्पे विरळाच आढळतात. ऊर्जा देणारी विक्रिया या कप्प्यात घडते. व्हान द ग्राफ यांच्या प्रयोगात हायड्रॉक्सिलअमाइन हे संयुग दिले असता काही काळ हायड्रॅझीन साचलेले दिसले होते. हायड्रॅझीन हे अत्यंत विषारी व क्रियाशील द्रव्य असून ते अग्निबाणांच्या इंधनात वापरतात. सजीवाच्या नित्याच्या चयापचयात ते भाग घेत असेल अशी कोणाची अपेक्षा नव्हती. २००६ मध्ये क्यूनेनिया च्या जीनोमाचे (संपूर्ण आनुवंशिक द्रव्याचे) वाचन झाले आणि २०११ मध्ये विक्रियेचे टप्पे प्रयोगाने निश्चित झाले. प्रथम नायट्राइटापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होते. एका विशिष्ट एंझाइमाच्या (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाच्या) साहाय्याने त्याचा अमोनियमाशी संयोग होऊन हायड्रॅझीन बनते. आणि शेवटी हायड्रॅझिनापासून नायट्रोजन वायू सुटतो. सुस्त अमोनियाला जागे करण्याचे जे काम ऑक्सिजनावाचून होणार नाही असे वाटत होते, ते येथे नायट्रिक ऑक्साइड करते.

कप्प्याचे पटलही असाधारण आहे. त्यातील लिपिडांमध्ये (स्निग्ध पदार्थांमध्ये) कार्बनाच्या चार अणूंची चौकोनी वलये एकमेकांस शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे जोडलेली असतात, म्हणून त्यांना लॅडरेन म्हणतात. याप सिनिंगे डाम्स्टे व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये त्यांचे वर्णन केले. अशी ताणलेली रचना इतर कोणत्याही जीवात माहीत नव्हती. या लिपिडांमुळे पटल दाट बनते व आतील द्रव्ये बाहेर झिरपण्यास अडथळा होतो, असे मानले जाते. त्यांपैकी एका अम्लाचे संश्लेषण (कृत्रिम रीत्या तयार करण्याची क्रिया) नोबेल पारितोषिक विजेते रसायनशास्त्रज्ञ ई. जे. कोरी यांनी आपल्या सहकाऱ्यासमवेत २००४ मध्ये केले.

सांडपाणी प्रक्रियेतील उपयोग : शहरी मैलगाळ कुजवून मिथेन मिळविल्यावर जे पाणी उरते त्यात अमोनियम विपुल व कार्बनी द्रव्य अल्प असते. जुन्या पद्धतीत अशा पाण्यातील सर्व अमोनियमाचे नायट्रेट करण्यास पुष्कळ हवा व नंतर विनायट्रीकरणासाठी बाहेरून मिथेनॉलासारखे कार्बनी द्रव्य द्यावे लागे. नव्या पद्धतीत निम्म्याहून थोड्या अधिक अमोनियमाचे फक्त नायट्राइट केले की पुरते. त्यामुळे ऑक्सिजनाची गरज सु. ६० टक्क्यांनी घटते, कार्बनी द्रव्य विकत घ्यावे लागत नाही व नवा गाळही थोडा तयार होतो. रॉटरडॅम येथील प्रकल्पात पहिले पूर्ण आकाराचे पात्र २००२ मध्ये सुरू झाले. प्रयोगशाळेतील सु. १० लिटरच्या पात्रावरून मधला टप्पा न घेता थेट ७० घ.मी.च्या पात्राकडे ही झेप होती. सूक्ष्मजंतूंच्या मंद वाढीमुळे पात्र पूर्ण क्षमतेने चालण्यास सु. साडेतीन वर्षे लागली. पहिल्या पात्राचा गाळ पुढच्या पात्रांना विरजणासारखा उपयोगी पडू लागल्यावर हा विलंब कमी झाला व २०१४ पर्यंत जगात अशा प्रकारचे सु. १०० प्रकल्प उभे राहिले. थंड व विरल सांडपाण्यावर ही पद्धत वापरणे त्यामानाने बरेच अवघड आहे.

समुद्रातील स्थान : कारखान्याच्या पात्रात सापडलेली क्रिया निसर्गात किती महत्त्वाची, याचे उत्तर लवकरच मिळाले. बो थामड्रुप व टागे डाल्सगार्ड यांनी २००२ मध्ये बाल्टिक व उत्तर समुद्रांमधील स्कॅगरॅक सामुद्रधुनीच्या तळगाळात निर्माण होणाऱ्या नायट्रोजन वायूपैकी २४ ते ६७ टक्के वायू या क्रियेतून येतो असे दाखविले. २००३ मध्ये मार्सेल कायपर्स व सहकाऱ्यांनी काळ्या समुद्राच्या ऑक्सिजनरहित पाण्यात हे सूक्ष्मजंतू, त्यांची लॅडरेन लिपिडे व त्यांची क्रिया अशा तिन्ही खुणा एकत्र दाखविल्या. त्याच वेळी कोस्टा रीकामधील डूल्से आखातातही ही क्रिया आढळली. रिचर्ड्‌स यांच्या हिशेबातील बेपत्ता अमोनियमाचा पत्ता अशा रीतीने अडतीस वर्षांनी लागला.

यानंतर काही काळ असे वाटू लागले की, समुद्रातील नायट्रोजनाच्या ऱ्हासाचे बहुतांश श्रेय या नव्या सूक्ष्मजंतूंनाच द्यावे लागेल. हा वाद केवळ श्रेयाचा नाही. विनायट्रीकरणात नायट्रस ऑक्साइड हा तीव्र हरितगृह वायू मधल्या टप्प्यावर तयार होतो. ॲनामॉक्स क्रियेत तो मध्यस्थ नसतो. समुद्रातून वातावरणात काय जाते हे ठरविताना दोहोंचे प्रमाण माहीत असणे अगत्याचे आहे. या दृष्टीने अरबी समुद्राला विशेष महत्त्व आहे, कारण त्याच्या मध्यम खोलीवरील पाण्यात जगातील तीन प्रमुख ऑक्सिजन-न्यून पट्ट्यांपैकी एक आहे. गोव्यातील दोनापावल येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत या पट्ट्याचा दीर्घकाळ अभ्यास झाला आहे. पावसाळ्याच्या उत्तरार्धात भारताच्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातही ऑक्सिजन संपुष्टात येतो व नायट्रस ऑक्साइड मोठ्या प्रमाणात साचतो, हे एस्. डब्ल्यू. ए. नक्वी व सहकाऱ्यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केले. बेस वॉर्ड आणि या संस्थेतील संशोधक यांच्या संयुक्त पथकाने २००९ मध्ये अरबी समुद्राच्या खुल्या भागातील मोजमापे मांडली, तेव्हा तेथील नायट्रोजन वायूपैकी ८७ ते ९९ टक्के वायू जुन्या परिचित विनायट्रीकरणातूनच येत असल्याचे दिसले. उलट २०११ मध्ये ओमानच्या किनारी मंचावर दुसऱ्या एका पथकाला ॲनामॉक्स क्रियाच प्रबळ आढळली. तिला लागणारे अमोनियम नायट्राइटाच्या क्षपणातूनही मिळत होते.

एकाच समुद्रातील हे दोन निष्कर्ष परस्परविरोधी वाटले तरी त्यांचा मेळ बसू शकतो. ॲनामॉक्स सूक्ष्मजंतूंना अमोनियम मिळते ते बव्हंशी कार्बनी द्रव्याच्या अपघटनातून, व हे अपघटन विनायट्रीकारक सूक्ष्मजंतू करतात. प्लवकांच्या सरासरी संघटनावरून हिशेब केल्यास ॲनामॉक्स क्रियेचा वाटा दीर्घ काळात सु. २८—२९ टक्के यावा. पृष्ठभागावरून प्लवकांचा एकदम मोठा पाऊस पडला म्हणजे विनायट्रीकरण उसळते आणि तो ओसरला म्हणजे मंदगती ॲनामॉक्स सूक्ष्मजंतूंचा वाटा मोठा दिसतो. जहाज कोणत्या जागी व कोणत्या महिन्यात पोहोचले यावर उत्तर बदलते. २०१४ मध्ये पूर्व पॅसिफिक महासागराच्या ऑक्सिजनरहित पाण्यात ठराविक संघटनाचे कार्बनी द्रव्य मिसळून केलेल्या प्रयोगांत हे प्रमाण अपेक्षेप्रमाणे २८ टक्क्यांच्या जवळपासच आले.